कात्र्या मोजून घ्या : लंडनच्या यूथ क्लबमधली दोन वर्षं

पहिल्या दिवशी क्लबच्या बाईंनी माझ्या हातात एक वही दिली. तिच्यात दोनच रकाने होते : कात्र्या दिल्या, कात्र्या आल्या. मी पुण्यातून आलेली, कॉलेजात पथनाट्यं केलेली, त्यामुळे आल्या आल्या माझ्या कल्पना कुणीतरी ऐकून घेईल असं वाटत होतं. बाई म्हणाल्या, "आधी मोजायला लाग."

इथे पोरांच्या हातातल्या सुऱ्या हा मोठा प्रश्न, म्हणून कात्र्याही मोजायच्या. दक्षिण लंडनमधला हा क्लब म्हणजे कौन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) उंच इमारतींमधला एक हॉल. टेबल टेनिसचं टेबल, दोन सोफे आणि एक टोस्टर. टोस्टरला कमी लेखू नका. शाळेतून थेट आलेलं पोर आधी खातं, मग बोलतं. रॉयल लंडन हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांवरचे चाकूहल्ले शाळा सुटल्यानंतरच्या दोनेक तासांत वाढलेले दिसले. म्हणून आमचा क्लब साडेतीनला उघडायचा. प्रकल्प आखताना आधी वेळ बघा, विषय नंतर ठरवा. रविवारी सकाळी सुंदर कार्यशाळा घेतलीत तर ज्यांच्यासाठी घेताय ती मुलं झोपलेली असतील.

आता माझी घोडचूक सांगते. आपल्याकडे व्यसनमुक्ती असो की पाणी वाचवा, पोस्टर स्पर्धा ठरलेली. मीही 'चाकू नको' या विषयावर पोस्टरं काढून घेतली. पोरांनी रक्त ठिबकणारे सुरे काढले, आणि अगदी हौसेनं काढले. मी ते सगळे भिंतीवर लावले. पुढच्या आठवड्यात तीन मुलं आलीच नाहीत. चौदा वर्षांची एक मुलगी भिंतीकडे पाठ करून बसली होती. जाता जाता म्हणाली, "हे बघितलं की वाटतं, सगळ्यांकडेच असणार."

इथली बरीच मुलं सुरी बाळगतात ती भीतीपोटी. समोरच्याकडे असेल, मग आपल्याकडे नको का? आणि मी तर ती भीतीच चौदा कागदांवर रंगवून टांगली होती. स्कॉटलंडमधला 'नो नाइव्ह्ज बेटर लाइव्ह्ज' हा उपक्रम त्याच्या साहित्यात सुऱ्यांची चित्रं टाळतो, हे मला नंतर कळलं. त्याच संध्याकाळी पोस्टरं उतरवली.

सरकारही असं चुकतं. २०१९ मध्ये ब्रिटनच्या गृह खात्यानं तळलेल्या चिकनच्या तीन लाखांहून जास्त खोक्यांवर सुरीविरोधी संदेश छापले. चिकनच्या दुकानात जाणारी पोरं, म्हणजे कृष्णवर्णीय पोरं, हे न बोलताही सगळ्यांना कळलं आणि टीकेचा भडिमार झाला. आमच्या क्लबमध्ये त्या खोक्यांवरचे विनोद अजून चालतात.

'नाइफ एंजल'बद्दल तुम्ही वाचलं असेल. पोलिसांकडे जमा झालेल्या सुमारे एक लाख सुऱ्यांपासून अल्फी ब्रॅडली या शिल्पकारानं घडवलेला २७ फुटी देवदूत. त्याच्या पंखांवर गेलेल्या मुलांसाठी घरच्यांनी लिहिलेले शब्द कोरलेत. आई-वडिलांना तिथे रडायला जागा मिळते, ते मोलाचंच आहे. पण तेरा वर्षांच्या पोरानं तिथे उभं राहून करायचं काय? मला 'स्टील वॉरियर्स'चं काम जास्त पटतं. त्यांनी जप्त केलेल्या सुऱ्या वितळवून पूर्व लंडनच्या लँगडन पार्कमध्ये उघड्यावरची व्यायामशाळा उभारली. तिथे लटकायला दांड्या आहेत आणि उद्या परत यायला कारण आहे.

परत यायला कारण हवं, हे मी खरं तर गणेश मंडळात शिकले होते, फक्त इथे येऊन विसरले होते. मंडळात वाया गेलेल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोराच्याही हातात वर्गणीचं पावतीपुस्तक देतात, मग तो महिनाभर हलत नाही. इथे आम्ही बोगद्याच्या भिंतीवर म्युरल, म्हणजे मोठं भित्तिचित्र, घेतलं. सुरीचा शब्दही काढला नाही. विषय पोरांनीच ठरवला : आपल्या भागातली दुकानं, न्हाव्यापासून मासेवाल्यापर्यंत. प्रत्येक दुकानदाराला जाऊन विचारायचं, त्याचा फोटो घ्यायचा. ज्या गल्लीत दुसऱ्या पोस्टकोडची, म्हणजे दुसऱ्या वस्तीची, मुलं भांडणाच्या भीतीनं पाऊल टाकत नाहीत, तिथल्या न्हाव्यानं आमच्या पोरांना नावानं ओळखायला सुरुवात केली. ही ओळख म्युरलपेक्षा मोठी होती, असं मला वाटतं. निधी देणाऱ्यांच्या अहवालात मात्र तिच्यासाठी रकाना नसतो, 'किती मुलं आली' याच्यासाठी असतो.

म्युरलला स्टेन्सिल, म्हणजे कापलेले साचे, लागतात, स्टेन्सिलला कटर लागतो, आणि इथून कायदा सुरू होतो. इंग्लंडमध्ये अठराखालच्यांना कटर विकत नाहीत. तीन इंचांपेक्षा लहान पात्याचा, लॉक न होणारा घडीचा चाकू सोडला तर कुठलंही पातं योग्य कारणाशिवाय बाहेर बाळगणं गुन्हा आहे, चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काम हे योग्य कारण धरलं जातं. तरी मी कटर कुलूपबंद डब्यात नेते आणि सोबत क्लबचं पत्र ठेवते. स्टेन्सिल शक्यतो घरीच कापून आणते. मुलांच्या हातात फक्त बोथट टोकाच्या कात्र्या जातात, त्याही मोजून.

कागदपत्रांचं थोडक्यात. मुलांसोबत काम करायचं तर एन्हान्स्ड डीबीएस तपासणी (तुमच्या गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी) लागतेच, स्वयंसेवकांना तिचं सरकारी शुल्क नसतं. भारतातला पोलीस क्लिअरन्स दाखलाही मागू शकतात, निघायच्या आधी पासपोर्ट सेवेतून काढून आणा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : कार्यशाळा घेणारे बहुतेक कलाकार इथे फ्रीलान्स असतात, पण स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नाही. "इन्व्हॉइस पाठव" असं कुणी प्रेमानं म्हणालं तरी पाठवू नका. पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्रात आठवड्याला वीस तास पगारी नोकरी चालते, फ्रीलान्सचं बघायचं ते शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसावर गेल्यावर.

सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं, प्रशिक्षण कंटाळवाणं असतं, पण झोपू नका. मूल कधीतरी रंग ढवळता ढवळता काहीतरी सांगतं. एकानं मला ड्रिल या रॅपच्या प्रकारातलं कडवं ऐकवलं, त्यात खऱ्या गल्लीचं नाव होतं. असल्या ओळी इथल्या न्यायालयांत पुरावा म्हणून वाचल्या गेल्या आहेत, तेव्हा रेकॉर्डिंगच्या आधी मी त्याच्याशी त्या शब्दावर अर्धा तास वाद घातला. गाणं थांबवलं नाही, नाव बदललं. "हे कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र कधीच देऊ नका. जीवाला धोका असेल तर तुम्हाला वरिष्ठांना सांगावंच लागतं, आणि हे मुलाला आधीच माहीत असायला हवं.

घरचे फोनवर विचारतात, तिकडे तर पोलीस एवढे कडक, मग तुझ्या चित्रांनी काय होणार? मी त्यांना ग्लासगोचं सांगते. तिथल्या पोलिसांनीच २००५ साली हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला आणि हिंसेकडे साथीच्या रोगासारखं बघायचं ठरवलं : शिक्षा चालू ठेवायची, पण लागण कुठून होते तेही शोधायचं. पुण्यात कोयता गँगच्या बातम्या वाचणाऱ्या बाबांना हे लगेच कळतं. ऊस तोडायचं अवजार पोरांच्या हातात फोटोपुरतं कसं आलं, हा प्रश्न त्यांनाही पडतो.

राहता राहिली ती वही. सहा महिन्यांनी बाईंनी ती माझ्याकडून काढून घेतली आणि एका पंधरा वर्षांच्या मुलाला दिली. त्याला शाळेतून काढलं होतं, मला तो मुद्दाम 'आंटी' म्हणायचा. मी चोवीस वर्षांची, मला राग यायचा. तो दर संध्याकाळी कात्र्या ओळीत मांडून दोनदा मोजायचा.

एकदा एक कमी आली. त्यानं दार बंद केलं, कुणालाच जाऊ देईना. सोफ्यांच्या गाद्या उचलल्या, कचऱ्याचा डबा उपडा केला. वीस मिनिटांनी मी हात पुसायला एप्रनच्या खिशातलं फडकं काढलं, तर कात्री त्यातच.

वहीत त्या तारखेसमोर त्यानं माझं नाव लिहिलं, स्पेलिंग मला विचारून.