लाँचच्या मीटिंगमध्ये इंजिनिअरला नुसतं बसवू नका, या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या एका मोठ्या कंपनीत मी टेस्टिंगला होतो तेव्हाची गोष्ट. शेतीपंपासाठी मोबाईल स्टार्टर काढायचा होता, म्हणजे रात्री लाईट आली की शेतकऱ्यानं घरात बसून मोटर चालू करायची, अंधारात बॅटरी घेऊन मळ्यात जायला नको, साप-विंचवाची भीती नको. वस्तू खरंच कामाची होती, आजही मी तेच म्हणतो. पण दमट हवेच्या चेंबरमधनं काढलेल्या ४० बोर्डांपैकी ३ बोर्डांचा रिले, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा स्विच, चिकटत होता. आणि ॲपवर जे ‘बंद’ दिसायचं ते मोटरचा करंट मोजून दिसत नव्हतं, आपण पाठवलेली कमांडच परत दाखवली जायची. म्हणजे मोबाईल म्हणतोय बंद आणि तिकडं मोटर चालूच.

मी रिपोर्ट दिला. तोवर पाडव्याच्या लाँचला नऊ दिवस राहिलेले, डीलरना तारीख गेलेली, हॉल बुक झालेला, जाहिरातीचे फलक छापून आलेले. मीटिंगला मला बोलावलं, विचारलंही की काय वाटतंय तुला. मी म्हणालो, "सर, अजून थोडं बघायला पाहिजे." त्या ‘थोडं’वर गाडी पुढं गेली. दोन महिन्यांनी शिरोळकडचे एक काका जळालेली मोटर टेम्पोत घालून गेटवर आले. विहिरीचं पाणी तळाला गेलं म्हणून त्यांनी मोबाईलवरनं मोटर बंद केलेली, पण ती रात्रभर कोरडी फिरली. "साहेब, ह्यात बंद दाखवत हुतं की ओ," एवढंच ते परत परत म्हणत होते आणि मोबाईल माझ्यापुढं धरत होते.

मला विचारलं नाही असं कोणी म्हणू शकत नाही. पण माझ्या ‘नाही’ला बसायला जागाच ठेवलेली नव्हती. मोठ्या कंपन्यांत नेमकं इथंच बिघडतं, म्हणून हे लिहितोय.

चूक पहिली: तारीख ठरल्यावर विचारणं

डीलरला तारीख गेली की नंतर जे काही विचारलं जातं तो फक्त उपचार असतो. तारीख बाहेर जाण्याआधी टेस्टिंगचा माणूस टेबलाला पाहिजे, आणि बाहेर सांगायची ती तारीख टेस्ट रिपोर्टला बांधलेली पाहिजे. आमच्याकडं फाउंड्रीवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही, नवीन पॅटर्नचे सॅम्पल पास झाल्याशिवाय गाडीवाली कंपनी मालाचा लॉट घेतच नाही. मग तीच शिस्त तयार प्रॉडक्टच्या लाँचला का नसते हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

चूक दुसरी: "बिघडेलच हे सिद्ध कर" म्हणणं

ही सगळ्यात घातक, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. २७ जानेवारी १९८६ ची रात्र. अमेरिकेच्या नासाचं चॅलेंजर हे अवकाशयान दुसऱ्या दिवशी सकाळी उडायचं होतं आणि फ्लोरिडात थंडी गोठणबिंदूच्या खाली जाणार होती. यानाला वर ढकलणारी रॉकेटं, म्हणजे बूस्टर, बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनिअर रॉजर बॉइसजोली आणि त्यांचे सहकारी फोनवरच्या मीटिंगमध्ये नासाला सांगत होते की थंडीत सांध्यातली रबराची रिंग कडक होते, ५३ फॅरनहाइटच्या म्हणजे साधारण १२ सेल्सिअसच्या खाली उडवू नका. कंपनीनं सुरुवातीला तसं कळवलं पण. मग नासाकडनं दबाव आला, कंपनीच्या वरिष्ठांनी फोन बाजूला ठेवून आपसात चर्चा केली, आणि इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगण्यात आलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. निर्णय फिरला. २८ तारखेला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले.

पुढं बॉइसजोलींनी चौकशीत जे सांगितलं ते नीट वाचण्यासारखं आहे. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागायचं, त्या रात्री उलटं झालं, असुरक्षित आहे हे इंजिनिअरनी सिद्ध करावं अशी अपेक्षा होती. आता थंडीत यान उडवल्याशिवाय ते शंभर टक्के सिद्ध कोण करणार? माझ्या मीटिंगमध्येही हेच की, "तीनच बोर्ड ना? मार्केटमध्ये असंच होईल कशावरून?" प्रश्न असा पडला पाहिजे होता की होणार नाही कशावरून. तुमच्या मीटिंगमध्ये प्रश्न कुठल्या बाजूनं विचारला जातोय एवढं जरी बघितलं तरी बरंच कळतं.

चूक तिसरी: आकडा आधी न ठरवणं

पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की अख्खं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याचा आकडा बघतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे आकडे पाणी दारात आल्यावर कोणी ठरवत नाही, उन्हाळ्यातच ठरलेले असतात, त्यामुळं भर पावसात ४१ म्हणजे किती वाईट यावर वाद घालत बसायला लागत नाही. राधानगरी धरणाचे सात दरवाजे तर पाणी पातळीला आलं की आपोआप उघडतात, कोणाची सही लागत नाही.

लाँचचे ३९ आणि ४३ असेच सहा महिने आधी कागदावर पाहिजेत. ४० बोर्डांत एक रिले चिकटला तर इशारा, दोन चिकटले तर लाँच थांबलं, विषय संपला. सॉफ्टवेअरवाल्यांनी हे बऱ्यापैकी जमवलंय. गूगलच्या पद्धतीत आधी ठरतं की सर्व्हिस ९९.९ टक्के चालू पाहिजे, म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद चालेल. ती मिनिटं संपली की नवीन फीचर सोडायचं थांबवायचं आणि आधी दुरुस्ती करायची. आवाज कोणाचा मोठा आहे याच्याशी आकड्याला काही देणंघेणं नसतं, नवीन लागलेल्या ज्युनिअर पोरालाही तो आकडा दाखवून थांबा म्हणता येतं.

चूक चौथी: स्लाइडवर धार बोथट होणं

माझ्या रिपोर्टमधलं "मोटर बंद होत नाही" हे वाक्य वरच्या स्लाइडवर "किरकोळ निरीक्षणं" झालं होतं. खोटं कोणी मुद्दाम लिहिलं नव्हतं, प्रत्येक पायरीवर थोडं थोडं मऊ होत गेलं. चॅलेंजरच्या चौकशी समितीतले शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी दाखवून दिलं की अपघाताची शक्यता इंजिनिअर साधारण १०० त १ धरत होते आणि मॅनेजमेंट १ लाखात १. एकच यान, दोन मजल्यांवर दोन हिशोब! उपाय साधा आहे, टेस्ट करणाऱ्याचं मूळ वाक्य जसंच्या तसं निर्णय घेणाऱ्यासमोर गेलं पाहिजे आणि तो माणूस त्या खोलीत पाहिजे.

इंजिनिअरच्या बाजूच्या चुका

सगळं खापर मॅनेजमेंटवर फोडणार नाही. रंगात फरक, ॲपच्या बटणाचा आकार, आणि चिकटणारा रिले हे तिन्ही एकाच जोरानं अडवलं तर तुमचं कोणी ऐकणार नाही, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही मला वाटत नाही. तीन ढीग करा: हे असताना लाँच नाही, हे असताना या अटीवर लाँच, हे नंतर चालेल. पहिल्या ढिगात कमीत कमी ठेवा. आणि बोलताना ‘थोडं’, ‘शक्यतो’, ‘बघूया’ हे शब्द काढा. मी असं म्हणायला हवं होतं: "शेतकऱ्याची मोटर जळेल. करंटचा फीडबॅक घाला, पाच आठवडे लागतील. तोवर हवे तर ५० नग ओळखीच्या शेतकऱ्यांकडं लावू."

निर्णय डावलायचा असेल तर

डावलायचा हक्क वरच्यांना असतोच, धंद्याची जोखीम त्यांची असते. पण मग नावानिशी लिहा, कोणी, कशावरून. १० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्यात इस्रोच्या एसएलव्ही-३ या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाआधी कॉम्प्युटरनं उलटी मोजणी थांबवली होती. नियंत्रण यंत्रणेत गळती होती, पण इंधनाचा पुरेसा साठा आहे असं तज्ज्ञांनी सांगितलं, आणि कॉम्प्युटर बाजूला ठेवून उडवायचा निर्णय प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलामांनी घेतला. रॉकेट बंगालच्या उपसागरात पडलं. पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयश अंगावर घेतलं, हा भाग सगळ्यांना माहिती असतो. मला जास्त मोठं वाटतं ते हे की निर्णय माझा होता हे कलाम पुढं आयुष्यभर स्वतः सांगत राहिले. १८ जुलै १९८० ला त्याच बनावटीचं पुढचं रॉकेट यशस्वी झालं. आमच्या मीटिंगच्या लेखी नोंदीत मात्र "सर्वानुमते" एवढाच शब्द होता, आणि त्या सर्वांत मीही धरलेला.

मीटिंगमध्ये कोणीच बोलत नसेल तर

सगळ्यात ज्युनिअर माणसाला आधी विचारा, साहेब शेवटी बोलतील. साहेबांनी आधी "मला तर चांगलं वाटतंय" म्हटलं की खोलीतली तोंडं बंद होतात. आणि थांबवणाऱ्याचं पुढच्या अप्रेझलला काय झालं हे सगळे बघत असतात हे विसरू नका. चांद्रयान-२ चं उड्डाण १५ जुलै २०१९ ला ५६ मिनिटं बाकी असताना, राष्ट्रपती समोर बसलेले असताना थांबवलं गेलं, आणि २२ जुलैला यान व्यवस्थित निघालं. हे उदाहरण मॅनेजर लोकांना जरूर सांगा.

आणि लाँच होऊन गेलं असेल तर

तेव्हाही थांबवायचा अधिकार कोणाकडं आहे हे ठरलेलं पाहिजे. २०१६ मध्ये सॅमसंगनं नोट ७ चे सुमारे २५ लाख फोन परत बोलावले, घाईनं बदलून दिले, आणि बदललेलेही पेटायला लागल्यावर ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद करावं लागलं. आमच्याकडं काका गेटवर येऊन गेल्यावरही डिस्पॅच चालूच होता, कारण तो थांबवायला कोणाची सही लागते हेच कोणाला माहिती नव्हतं. तीन दिवस फोनाफोनी चालली आणि त्या तीन दिवसांत आणखी दोन गाड्या भरून गेल्या.