घरी हाय-फाय स्पीकर बनवताय? मग या चुका टाळा

"आवाज कर्कश येतोय, कुठला कपॅसिटर बदलू?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. बहुतेक वेळा दोष कपॅसिटरचा नसतोच, दोष असतो वूफरच्या (खालचे, जाड सूर वाजवणाऱ्या स्पीकरच्या) मागे छापलेल्या '८ ओहम' या आकड्यावर ठेवलेल्या आंधळ्या विश्वासाचा.

नवखा माणूस तो आकडा एखाद्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकतो, क्रॉसओव्हर (खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे वाटून देणारा फिल्टर) ३००० हर्ट्झला ठरवतो, उत्तरात येईल ते कॉइल आणि कपॅसिटर मागवतो आणि सोल्डर करून मोकळा होतो. पण ८ ओहम हे नावापुरतं असतं. त्याच वूफरला मल्टिमीटर लावा, ६ ओहमच्या आसपास दिसेल. रेझोनन्सच्या जागी, म्हणजे ज्या सुराला वूफरचा पडदा आपसूक जास्तीत जास्त थरथरतो तिथे, इम्पिडन्स (सुराप्रमाणे बदलणारा विद्युत अडथळा) ३० ओहमच्याही वर जाऊ शकतो. पुढे उतरतो आणि व्हॉइस कॉइलच्या (पडद्याला जोडलेल्या तारेच्या गुंडाळीच्या) इंडक्टन्समुळे वरच्या पट्टीत पुन्हा चढत जातो. कॅल्क्युलेटरला यातलं काहीच ठाऊक नसतं.

माझ्या एका मित्राच्या मुलाने साडेसहा इंची वूफर आणि एक इंची डोम ट्वीटर (वरचे, बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर) घेऊन जोडी बनवली होती. खोके देखणे होते, १८ मिमी एमडीएफचे, वर सुबक व्हेनिअर. पण गाण्यात 'स' आला की कानात टोचायचं. त्याने ट्वीटरला दोषी धरलं आणि त्याच्या वाटेत रेझिस्टर टाकला. फरक पडेना, म्हणून महाग फिल्म कपॅसिटर आणले. मग जाड केबल घेतली. स्पीकर माझ्याकडे आले तेव्हा झांजेची किणकिण पार गेली होती आणि टोचणं जिथल्या तिथे होतं.

मी आधी ट्वीटरची वायर सोडवली आणि नुसता वूफर ऐकवला. तो गोधडीखालून आल्यासारखा दबका यायला हवा होता. इथे 'स' चांगला खणखणीत ऐकू येत होता. मग मापनाचा मायक्रोफोन लावला. ३००० हर्ट्झला फिल्टरने वूफर ६ डेसिबल खाली आणायला हवा होता, तो जेमतेम २ डेसिबल उतरला होता आणि ४००० च्या आसपास तर उंचवटाच होता. कारण ३००० ला त्या वूफरचा इम्पिडन्स १३ ओहमच्या घरात गेला होता. ८ ओहम गृहीत धरून काढलेला फिल्टर अशा वेळी आवाज कापायचं सोडून उलट फुगवतो. वूफरच्या टर्मिनलांना समांतर साडेसात ओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी एकापाठोपाठ जोडी लावली. याला झोबेल म्हणतात. उंचवटा बसला. मग ६ ओहम धरून कॉइल-कपॅसिटरची किंमत नव्याने काढली, ट्वीटरचा रेझिस्टर कमी केला आणि झांज परत आली.

माझी सवय ठरलेली आहे. ड्रायव्हर, म्हणजे वूफर आणि ट्वीटर, त्यांच्याच खोक्यात बसवायचे, प्रत्येकाचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठला सूर किती जोरात येतो ते) आणि इम्पिडन्स तिथेच मोजायचा, ती मापं व्हिट्युइक्सकॅड या क्रॉसओव्हर आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची आणि मगच सुटे भाग मागवायचे. मोजायला आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मायक्रोफोनचा खर्च नको म्हणणारे पुढे कपॅसिटर बदलण्यात त्याहून जास्त घालवतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

कंपनीचा आलेख पुरेसा आहे असंही समजू नका. तो बहुधा मोठ्या सपाट फळीवर घेतलेला असतो. तुमचा बॅफल (खोक्याची पुढची फळी) २० सेंटिमीटर रुंद असेल तर साधारण ५७५ हर्ट्झच्या खाली आवाज खोक्याला वळसा घालून मागे पसरू लागतो आणि मोकळ्या जागेत खालची पट्टी ६ डेसिबलपर्यंत दुबळी होते. घरगुती स्पीकर पातळ वाजतात त्याचं हे नेहमीचं कारण. मागे भिंत असेल तर मी सुरुवात ३-४ डेसिबलच्या भरपाईने करतो.

सेकंड ऑर्डर क्रॉसओव्हरमध्ये (प्रत्येक वाटेवर एक कॉइल आणि एक कपॅसिटर असलेल्या) ट्वीटर बहुधा उलटा जोडावा लागतो. सरळ आणि उलट, दोन्ही जोडून मोजा. ज्या जोडणीत क्रॉसओव्हरपाशी खोल खड्डा पडेल, तिच्या विरुद्ध जोडणी ठेवा.

आता खोक्याकडे. इथे घाई सगळ्यात जास्त नडते. लोक पहिल्याच दिवशी चकचकीत कॅबिनेट बनवतात, पॉलिश मारतात आणि मग पोर्टची (खोक्यातली हवा बाहेर-आत जाऊ देणाऱ्या नळीची) लांबी चुकली म्हणून हळहळतात. अभियंते थील यांनी १९६१ मध्ये आणि स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे गणित मांडून ठेवलंय. एफएस (रेझोनन्सची जागा), क्यूटीएस (तिथे पडद्याला किती आवर बसतो ते) आणि व्हीएएस (वूफरच्या लवचीकतेइतकी हवेची जागा) हे वूफरचे तीन आकडे हाती असताना अंदाजाने खोका करायचं काहीच कारण नाही. आतली जागा धरताना मॅग्नेट, आडव्या पट्ट्या आणि पोर्टची नळी यांनी खाल्लेली जागा वजा करा. मी आधी उरल्यासुरल्या प्लायचा ओबडधोबड खोका ठोकतो आणि नळी मुद्दाम लांब ठेवून थोडी थोडी कापत जातो. इम्पिडन्सच्या आलेखात दोन उंचवट्यांमधली दरी जिथे पडते, ते पोर्टचं ट्यूनिंग. त्याखाली वूफरला खोक्यातल्या हवेचा आधार उरत नाही आणि कोन, म्हणजे वूफरचा हलणारा पडदा, मोकाट हलतो, म्हणून मोठ्या आवाजात तिथे जपून.

बंद खोका असेल तर कोन बोटांनी हलकेच आत दाबून सोडा. तो सावकाश परत यायला हवा. झटकन आला तर कुठूनतरी हवा गळतेय. टर्मिनलची कड आणि ड्रायव्हरखालचं गॅस्केट आधी तपासा.

ड्रायव्हर आवळताना पॉवर ड्रिल वापरू नका. मॅग्नेट स्क्रूड्रायव्हरचं टोक खेचतो आणि क्षणात रबरी कडेला भोक पडतं. एमडीएफमध्ये आधी बारीक भोक पाडायचं, स्क्रू हाताने फिरवायचा आणि दुसरा तळवा कोनवर आडवा धरायचा. यात दहा मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या.

बाकीचं थोडक्यात. दोन कॉइल शेजारी शेजारी एकाच दिशेने ठेवू नका, काटकोनात आणि लांब ठेवा. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वापरायचाच तर नॉन-पोलर (धन-ऋण टोकं नसलेला) घ्या. दीड व्होल्टचा सेल लावून वूफरची पोलॅरिटी पाहता येते, कोन बाहेर आला की सेलचं धन टोक जिथे लावलंय ते प्लस. हा प्रयोग ट्वीटरवर कधीही करू नका. पोर्टच्या तोंडाशी फायबर (खोक्यात आवाज शोषायला भरतात तो) कोंबू नका.

शेवटी मांडणी. बेस येत नाही म्हणून खोका फोडायच्या आधी डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी बघा. एक उलटी लागली असेल तर बेस गळतो आणि मोनो गाण्यातला गायक मधोमध उभा राहत नाही. त्या बरोबर असतील तर स्पीकर हलवून पाहा. वूफर मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल तर परतून आलेला आवाज ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला मारतो. अंतर बदललं की खड्ड्याची जागाही बदलते. क्रॉसओव्हर कितीही बदला, हा खड्डा भरत नाही. दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण धरा, ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा आणि मग दहा-दहा सेंटिमीटर सरकवत तोच एक तुकडा पुन्हा पुन्हा ऐका. जागा सापडली की खोक्याच्या कोपऱ्यांपाशी जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवा, कारण झाडताना स्पीकर सरकतातच.