ऱ्हिओच्या पानात परासरण डोळ्यांनी कसे पाहावे

परासरणात पेशीच्या पटलातून, म्हणजे तिच्या पातळ पडद्यातून, पाणी आत-बाहेर जाते, हे पाठ करून मुलांच्या डोक्यात शिरत नाही. ऱ्हिओच्या पानात ते दिसते. कुंडीतल्या या झाडाचे पान वरून हिरवे आणि खालून जांभळे. हा जांभळा रंग खालच्या सालीतल्या पेशींच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, असतो, म्हणून पाणी निघून गेले की रंग आकसताना लगेच लक्षात येतो.

100 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम मीठ विरघळवून ठेवा. मीठ तोलूनच घ्या, चिमटीने नको.

खरी कसोटी साल काढण्याची. ‘ब्लेडने खरवडा’ असे अजूनही सर्रास सांगतात. कृपा करून तसे करू नका. मी सुरुवातीला तेच करत होतो. पेशी फाटायच्या, रंग वाहून जायचा आणि मी मिठाचे प्रमाण बदलत बसायचो. चूक मिठात नव्हतीच.

पान ताजे, टवटवीत हवे. जांभळी बाजू आत येईल असे दुमडा. हिरवी बाजू कट्कन तडकते, जांभळी साल मात्र जोडलेली राहते. आता एक तुकडा धरून जांभळ्या बाजूवरून, पानालगत, तिरपा आणि सावकाश ओढा. हात वर उचललात की साल तुटते. नीट जमले तर तुकड्याच्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी फिकट जांभळी, आरपार दिसणारी पट्टी निघते. तेवढीच कापा. हिरवा गर चिकटलेला भाग टाकून द्या, त्यातून काही दिसत नाही. आणि साल त्याच क्षणी काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात ठेवा. हवेत सुकली तर पेशी आधीच आकसतात, मग मिठाने काय केले ते ओळखताच येत नाही.

वर आच्छादन काच ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कडेच्या पेशी फाटलेल्या असतात. आतली एखादी भरलेली जांभळी पेशी निवडा आणि तिच्यावरून नजर हलवू नका.

काचेच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा, दुसऱ्या कडेला टिपकागद लावून तो ओढून घ्या. थोड्या मिनिटांत रंग कोपऱ्यांतून सुटतो आणि मध्ये गोळा होतो. भित्तिका, म्हणजे पटलाबाहेरची पेशीची भिंत, जागच्या जागी राहते. हेच रससंकोचन. भित्तिका आणि आकसलेला रंग यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय आहे, असे विचारले की बरीच मुले ‘हवा’ म्हणतात. तिथे मिठाचे पाणी असते, कारण भित्तिका मिठाला अडवत नाही. अडवते ते पटल. ते मात्र काही नॅनोमीटर जाडीचे, या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. आपल्याला दिसते ती त्याच्या आतल्या रंगाची कड.

फार वेळ न घालवता त्याच पद्धतीने साधे पाणी ओढा. रंग पुन्हा भित्तिकेपर्यंत पसरतो.

शेवटी पानाचा तुकडा मिनिटभर उकळून हाच प्रयोग करा, तो चुकवू नका. रंग आकसत नाही, सरळ बाहेरच्या पाण्यात उतरतो. पटल मेलेले असते.