जुनी विज्ञानकथा मालिका नव्या प्रेक्षकांपुढे आणताना

गाजलेली जुनी मालिका पुन्हा सुरू करायचे ठरले की पहिल्याच बैठकीत नव्या यानाची रेखाचित्रे टेबलावर येतात. ती बाजूला ठेवावीत आणि आधी एक वाक्य लिहावे: या मालिकेत मुळात काय घडत होते? पात्रांची आणि शत्रूंची नावे न घेता हे सांगता आले पाहिजे. ‘डॉक्टर हू’बद्दल ते असे लिहिता येईल: एक विक्षिप्त प्रवासी एखाद्या साध्यासुध्या माणसाला सोबत घेऊन काळात आणि अवकाशात भटकतो आणि जिथे उतरतो तिथल्या संकटात पडतो. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’बद्दल: यंत्रांनी केलेल्या संहारातून वाचलेली माणसे एका युद्धनौकेच्या आधाराने पृथ्वी शोधत निघतात. या वाक्यात जे येते ते राखावे; जे येत नाही ते बदलण्याची मुभा आहे, मग ते जुन्या चाहत्यांचे कितीही लाडके असो.

रोनाल्ड डी. मूर यांनी 2003 मध्ये ‘गॅलॅक्टिका’ नव्याने मांडली तेव्हा हेच केले. 1978 च्या मालिकेत सायलॉन यंत्रे एका परग्रही जमातीने घडवलेली होती. मूर यांनी ती माणसानेच बनवलेली दाखवली आणि त्यांतली काही तर माणसासारखी हुबेहूब केली. डर्क बेनेडिक्ट यांनी रंगवलेला स्टारबक हा वैमानिक आता स्त्री झाला आणि ती भूमिका केटी सॅकहॉफ यांच्याकडे आली. चाहत्यांचा संताप झाला, पण मूळ कल्पनेला धक्का लागला नव्हता, म्हणून मालिका 2009 पर्यंत टिकली.

लेखनाला हात घालण्यापूर्वी हक्कांची तपासणी करावी, आणि ती वरवरची नसावी. मालिका एका संस्थेच्या मालकीची असली, तरी तिच्यातला प्रत्येक प्राणी त्याच मालकीचा असतो असे नाही. ‘डॉक्टर हू’मधले सर्वांत प्रसिद्ध शत्रू म्हणजे डॅलेक; त्यांची कल्पना टेरी नेशन या लेखकाची होती आणि तिच्यावरचे हक्क त्यांनी राखले होते. त्यामुळे 2004 मध्ये त्यांच्या वारसांशी चाललेली बोलणी मध्येच फिसकटली आणि डॅलेकांशिवाय ‘डॉक्टर हू’ परतण्याची वेळ जवळजवळ आली होती. शत्रू, शीर्षकसंगीत, यानाची रचना, अशा प्रत्येक गोष्टीचा मालक कोण, याची यादी पहिल्या महिन्यातच तयार असावी.

त्यानंतर जुन्या कथेशी नाते कोणते ठेवायचे ते ठरवावे. मार्ग तीन आहेत: तीच कथा पुढे नेणे, ती पहिल्यापासून सांगणे, किंवा त्याच जगात बरीच वर्षे पुढे जाऊन नवी माणसे उभी करणे. तिसरा मार्ग मला सर्वांत कमी जोखमीचा वाटतो. 1987 मध्ये ‘स्टार ट्रेक’ परतली तेव्हा कथा सुमारे शंभर वर्षे पुढे सरकली होती आणि जुन्या मालिकेत शत्रू असलेल्या क्लिंगॉनांपैकी एक जण यानावरचा अधिकारी होता. मध्ये किती काळ गेला, हे सांगायला त्या एका माणसाचे तिथे उभे असणे पुरेसे होते. जुन्या नटांपैकी डीफॉरेस्ट केली पहिल्या भागात थोडा वेळ दिसतात, तेही अतिवृद्ध ॲडमिरलच्या रूपात आणि पात्राचे नाव न उच्चारता. स्पॉक हे जुन्या मालिकेतले लाडके पात्र मात्र पाचव्या सीझनपर्यंत, म्हणजे 1991 पर्यंत, येतच नाही. नव्या पात्रांना स्वतःच्या पायांवर उभे राहायला तेवढा अवधी मिळाला.

सर्वाधिक श्रम पहिल्या भागावर घ्यावेत. तो कसा नसावा आणि कसा असावा, याची दोन्ही उदाहरणे ‘डॉक्टर हू’नेच देऊन ठेवली आहेत. 1963 पासून चालत आलेली ही मालिका 1989 मध्ये थांबली आणि 1996 मध्ये अमेरिकन सहकार्याने एक दूरचित्रपट निघाला. त्याच्या आरंभीच्या निवेदनात जुना वैरी, त्याचा मृत्युदंड, डॅलेक आणि त्यांचा ग्रह हे सारे येऊन जाते. मग पडद्यावर आधीचा डॉक्टर, म्हणजे मरताना चेहरा बदलून पुन्हा जगणारा तो विक्षिप्त प्रवासी, दिसतो, तो मरतो आणि त्याच देहातून नवा चेहरा जन्म घेतो. ज्याने मालिका पूर्वी पाहिली आहे त्याला हे सगळे हवेहवेसे वाटेल, परंतु ज्याने पाहिलेली नाही त्याने कोणावर जीव जडवायचा, हे बराच वेळ कळत नाही. त्यातून पुढे मालिका निघाली नाही.

26 मार्च 2005 रोजी रसेल टी. डेव्हिस यांनी लिहिलेला ‘रोझ’ हा भाग प्रसारित झाला. त्याची सुरुवात घड्याळाच्या गजराने होते. दुकानात काम करणारी एक मुलगी उठते, कामाला जाते, तळघरात उतरते, तिथे कपडे मांडायचे पुतळे हलू लागतात आणि तेव्हा कुठे डॉक्टर तिचा हात धरून ‘पळ’ म्हणतो. त्यामागची सव्वीस वर्षांची कथा तिला ठाऊक नाही, म्हणून प्रेक्षकालाही ठाऊक असण्याची गरज पडत नाही. डॉक्टरचा चेहरा बदलतानाचे दृश्य दाखवलेलेच नाही. तो आरशात पाहून स्वतःच्या कानांविषयी शेरा मारतो, एवढेच. जाणकार त्यावर हसतो, नवखाही हसतो, कारणे मात्र वेगळी. त्या पुतळ्यांचे ‘ऑटॉन’ हे जुने नाव संपूर्ण भागात कोणी उच्चारत नाही. पूर्वसंदर्भ द्यावेत ते या रीतीने: ओळखणाऱ्याला आनंद व्हावा आणि न ओळखणाऱ्याला काही हुकल्याची शंकाही येऊ नये.

मालिकेचा सर्वांत प्रसिद्ध शत्रू पहिल्याच भागात आणू नये, आणि आणाल तेव्हा फौजेने आणू नये. 2005 मध्ये डॅलेक सहाव्या भागात आला, एकटा, साखळदंडांत आणि अर्धमेला. तो का भयंकर आहे हे त्या एकट्यानेच सिद्ध करून दाखवायचे होते. डॅलेकांना जिना चढता येत नाही, हा ब्रिटनमधला जुना विनोद. त्या भागात पात्रे जिन्यावर धावतात, खाली थांबलेल्या डॅलेकची टर उडवतात आणि तो हवेत उचलला जातो. (खरे म्हणजे 1988 मध्येही एक डॅलेक जिना चढला होता, पण विनोद काही मेला नव्हता.) जुन्या मालिकेची ज्या गोष्टींवरून थट्टा होत आली, त्यांची यादी करावी आणि त्यांतली निदान एक तरी कथेत वापरावी.

जुनाट दिसणाऱ्या वस्तूंनाही हाच न्याय लावावा. नव्या ‘गॅलॅक्टिका’त युद्धनौकेवर तारेचे फोन आहेत आणि संगणक एकमेकांना जोडलेले नाहीत. सत्तरच्या दशकातला हा थाट हास्यास्पद ठरला असता, परंतु नौका जुनी आहे, तिचे संग्रहालय व्हायचे आहे, आणि जाळ्यात नसल्यामुळेच ती सायलॉनांच्या हल्ल्यातून वाचते, असे कारण मिळाल्यावर तीच तिची खरी ताकद होते. शीर्षकसंगीत मात्र शक्यतो बदलू नये. वाद्यमेळ नवा असावा, धून तीच.

जुन्या कलाकारांना बोलवायचे तर त्यांना खरे काम द्यावे. मूळ ‘गॅलॅक्टिका’त नायक असलेले रिचर्ड हॅच जुनीच कथा पुढे चालावी म्हणून अनेक वर्षे झटले होते आणि नव्या मांडणीच्या विरोधात होते. मूर यांनी त्यांना टॉम झॅरेक या बंडखोर राजकारण्याची भूमिका दिली, आणि ती मालिकेतल्या चांगल्या भूमिकांपैकी एक ठरली.

नवी मालिका रुजली की प्रेक्षक जुन्या भागांकडे वळतात, तेव्हा ते भाग पाहण्याजोग्या अवस्थेत असले पाहिजेत. हे काम वेळखाऊ आहे. 1987 ची ‘स्टार ट्रेक’ 35 मिमी फिल्मवर चित्रित झाली, पण संकलन आणि विशेष दृश्ये व्हिडिओवर झाली होती. त्यामुळे 2012 पासून तिचे भाग मूळ निगेटिव्हवरून अक्षरशः पुन्हा जुळवावे लागले. ‘डॉक्टर हू’च्या साठच्या दशकातल्या फिती पुसल्या गेल्याने नव्वदहून अधिक भाग चित्ररूपात उरलेले नाहीत, चाहत्यांनी घरी ध्वनिमुद्रण करून ठेवले होते, म्हणून त्यांचा आवाज तरी शिल्लक आहे.

या साठ्याला वाटही दाखवावी लागते. ‘पहिल्या भागापासून पाहा’ हा सल्ला देऊ नये. त्या काळची गती आज अनेकांना सोसत नाही. एकच कथा निवडून द्यावी. ‘डॉक्टर हू’साठी मी 1970 ची ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ देईन: भाग चारच, रंगीत, आणि स्टुडिओतल्या संपामुळे संपूर्ण फिल्मवर चित्रित झालेली, त्यामुळे आजच्या पडद्यावरही स्वच्छ दिसणारी. तिच्यात दुकानांतले पुतळे जिवंत होऊन रस्त्यावर उतरतात. मोठी काच फोडणे तेव्हा परवडणारे नव्हते, म्हणून ती फुटताना दिसत नाही, नुसता आवाज येतो. ‘रोझ’ पाहून आलेल्या प्रेक्षकाने ती काच 2005 मध्ये फुटलेली पाहिलेली असते.