रुंद टायरच्या सायकलला काढता-घालता येणारे मडगार्ड निवडताना

पावसाळ्यात खडकवासल्याच्या बाजूला फेरी मारून आलेल्या सायकलस्वाराच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ उमटलेली दिसली, की त्याच्या सायकलला मागचे मडगार्ड नाही हे वेगळे सांगावे लागत नाही. माउंटन बाइक बहुधा मडगार्डशिवायच विकली जाते आणि पत्र्याचे कायमचे मडगार्ड आवळण्यासाठी लागणारी भोकेही तिच्या फ्रेमला अनेकदा नसतात, त्यामुळे चार महिने लावून एरवी काढून ठेवता येईल असे प्लास्टिकचे मडगार्ड हाच सोयीचा मार्ग उरतो.

दुकानात मात्र खोक्यावर ‘२६ ते २९ इंची चाकांसाठी’ एवढेच वाचून पैसे देऊ नयेत. तो आकडा चाकाच्या व्यासाचा असतो आणि आपला प्रश्न रुंदीचा आहे. टायरच्या बाजूवर २९ × २.२५ किंवा ५७-६२२ असे काहीतरी छापलेले असते, त्यातील २.२५ इंच किंवा ५७ मिलिमीटर ही टायरची रुंदी होय. रिम किती रुंद आहे आणि हवा किती भरली आहे यानुसार प्रत्यक्ष रुंदी दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होते, म्हणून ती मोजून पाहावी. मुलांच्या कंपासपेटीतल्या दोन गुण्या टायरच्या दोन्ही बाजूंना उभ्या टेकवून मधले अंतर पट्टीने मोजले, की काम होते. मडगार्ड या मापापेक्षा निदान १० आणि शक्यतो १५ मिलिमीटर रुंद असावे, म्हणजे ५७ मिलिमीटरच्या टायरला ७० ते ७५ मिलिमीटरचे. रोड बाइकचे ४५ मिलिमीटरचे मडगार्ड अशा टायरवर बसले तरी दोन्ही कडांनी पाणी उडतच राहते. चार इंची टायरच्या फॅट बाइकसाठी तर खास तिच्यासाठी बनवलेलेच मडगार्ड घ्यावे लागते.

मागच्या बाजूला सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांडीला, चिमट्याने आवळायचा प्रकार सर्वांत सोपा असतो. सीटपोस्टचा व्यास साधारणपणे २७.२, ३०.९ किंवा ३१.६ मिलिमीटर असतो, तेव्हा चिमटा किंवा पट्टा आपल्या मापाला पुरतो का हे आधी पाहावे. सीट अगदी खाली ठेवणाऱ्या बुटक्या माणसाच्या सायकलवर सीटपोस्टचा उघडा भाग इतका थोडा असतो, की चिमट्याला जागाच उरत नाही. माझे पहिले मडगार्ड याच प्रकारचे होते. एका खड्ड्यात ते बाजूला फिरले आणि उरलेला सगळा रस्ता टायरला घासत खरखर करीत राहिले. चिमट्याखाली जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा गुंडाळल्यावर ते फिरणे थांबले आणि सीटपोस्टवर ओरखडेही उठेनासे झाले. सीटपोस्ट कार्बनची असेल, तर मात्र जोर लावून आवळू नये.

मागचे मडगार्ड सीटच्या बरेच मागेपर्यंत पोहोचणारे हवे, कारण चाकाच्या मागच्या अंगाचा चिखल वर उडून पाठीवर येतो. ते लावल्यावर मागचा लाल दिवा झाकला जात नाही ना, हेही पाहावे.

पुढच्या बाजूला दोन वेगळी कामे असतात. फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुशाखी भागाच्या, कमानीला प्लास्टिकच्या केबल टायने बांधायचा लवचिक तुकडा तोंडावर उडणारे शिंतोडे बऱ्यापैकी अडवतो, पण बुटांना त्याचा फारसा उपयोग नाही. फ्रेमच्या तिरक्या नळीला रबरी पट्ट्यांनी अडकवायचे मडगार्ड नळी आणि पेडलचा भाग काहीसा कोरडा ठेवते, मात्र डोळ्यांत जाणारा चिखल अडवीत नाही. एकच घ्यायचे असेल, तर मी फोर्कवरचे घेईन.

धक्के शोषणारा सस्पेन्शन फोर्क असल्यास तो पूर्ण दबल्यावर चाक १०० मिलिमीटर किंवा त्याहूनही वर येऊ शकते. त्यामुळे फोर्कच्या वरच्या नळीत खालून खुंटी घालून आवळायचे मडगार्ड सायकल उभी असताना कितीही ऐटीत दिसले, तरी खड्ड्यात त्यावर चाक आदळते का, हे फोर्क दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही. मागे सस्पेन्शन असेल तर तिथेही तीच परीक्षा घ्यावी.

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये ६ मिलिमीटरची ॲलन की सहज फिरेल एवढी जागा डांबरी रस्त्यापुरती चालते. काळ्या मातीच्या पायवाटांवर त्याच्या तिप्पट तरी हवी, नाहीतर चिकटलेला गारा आत साचतो आणि चाक अडते. गारा साचलाच तर सायकल थांबवून तो काडीने काढावा. पुढचे मडगार्ड ढिले झालेले दिसले, तर ते तिथेच काढून पिशवीत टाकावे, कारण त्याचे टोक चाकात अडकले तर सायकलस्वार थेट हँडलवरून पुढे फेकला जातो.