गॉबल्डीगूक हा इंग्रजी शब्द कुठं वापरायचा, कुठं नाही

आधी तोंडात घोळवून पाहा, गॉ-बल्-डी-गूक, जोर पहिल्या गॉ वर द्यायचा, बाकीचा शब्द आपोआप घरंगळत येते. दिसायला भारदस्त, ऐकायला वजनदार, पण वाचून झाल्यावर हाती काहीच लागत नाही अशी जी भाषा राहते ना, तिला गॉबल्डीगूक म्हणतात. मराठीत जवळचा शब्द शब्दबंबाळ.

शब्दाचा जन्म १९४४ चा. अमेरिकेत टेक्सासचे मॉरी मॅव्हरिक म्हणून माजी खासदार होते, युद्धाच्या काळात एका सरकारी महामंडळाचे चेअरमन झाले आणि तिथले लांबलचक मेमो वाचून वाचून वैतागले. मग त्यांनी ऑर्डरच काढली, थोडक्यात लिहा, कशाबद्दल बोलून राहिले ते सरळ सांगा, आणि ॲक्टिव्हेशन, इम्प्लिमेंटेशन असले शब्द जो वापरेल त्याला गोळी घालू! त्यातच हा शब्द आला. नंतर त्यांनी सांगितलं की डोळ्यापुढं गावाकडचा टर्की कोंबडा होता, तो छाती फुगवून ऐटीत चालते, गॉबल गॉबल करते आणि शेवटी गूक असा आवाज काढते. कोंबडा पाळलेल्या माणसाला हे समजवायची गरजच नाही. आणखी एक, यांच्याच आजोबांच्या, सॅम्युअल मॅव्हरिक यांच्या गुरांना डाग दिलेला नसायचा, म्हणून तिकडं बिनडागाच्या मोकाट जनावराला मॅव्हरिक म्हणायला लागले, आणि पुढं कळपात न राहणाऱ्या माणसालाही. एकाच घरानं भाषेला दोन शब्द दिले, मला तर याचं लई कौतुक वाटते.

आता हा शब्द मी कायले सांगून राहिलो ते ऐका. मागच्या पावसाळ्यात शेजारचे आबाजी पन्नीत गुंडाळलेला कागद घेऊन आले, म्हणाले, "बाबू, पाय बरं हे काय म्हन्ते, तीनदा वाचलं, मी अडाणी मानूस, मले काई समजलं नाई." कागदावर होतं, संदर्भाधीन पत्रान्वये कळविण्यात येते की सदर प्रकरणी आवश्यक ती पूर्तता विहित मुदतीत न झाल्यास आपले कोणतेही म्हणणे ग्राह्य धरण्यात येणार नाही. मी बी.ए. झालेलो, मलाही दोनदा वाचावं लागलं, आणि तरी पूर्तता कशाची ते समजलंच नाही कारण ते कागदात लिहिलेलंच नव्हतं. फोन केल्यावर कळलं, सातबारा आणि पासबुकाची झेरॉक्स पाहिजे, बस. आबाजी अडाणी नव्हते, कागद गॉबल्डीगूक होता. या शब्दानं चूक वाचणाऱ्याच्या डोक्यावरून उतरून लिहिणाऱ्याच्या डोक्यावर जाते, म्हणून तो मला आवडते.

ओळखायचं कसं? कागद वाचून तीन गोष्टी बोटावर मोजा: कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत करायचं. तिन्हीपैकी एकाचंही उत्तर धड सापडत नसेल तर खुशाल म्हणा गॉबल्डीगूक. येण्यात येते, करण्यात यावी असं जिथं करणारा माणूसच गायब राहते तिथं जास्त लक्ष द्या.

पण प्रत्येक अवघड शब्दाला हे नाव लावू नका. कापसातून सरकी वेगळी करणारे जिनिंगवाले रुईचा उतारा, स्टेपल, मॉइश्चर असं बोलतात ते त्यांच्या धंद्याचे शब्द आहेत, त्यांना एका शब्दात नेमकं समजते, त्याला इंग्रजीत जार्गन म्हणतात. तेच शब्द कापूस विकायला आलेल्याला गोंधळात टाकायला वापरले की झालं गॉबल्डीगूक. आणि दुसऱ्याची बोली किंवा भाषा आपल्याला समजत नाही म्हणून तिला तर कधीच म्हणू नका, आपल्या वऱ्हाडीला कोणी तसं म्हटलं तर कसं लागेल.

इंग्रजीत वाक्यात घालताना त्याच्या आधी अ लावत नाहीत आणि त्याचं अनेकवचनही करत नाहीत. धिस लेटर इज प्युअर गॉबल्डीगूक, हे बरोबर. लीगल गॉबल्डीगूक, टेक्निकल गॉबल्डीगूक असंही चालते. बोलण्याला किंवा लिखाणाला म्हणायचं, माणसाला नाही, म्हणजे ही इज गॉबल्डीगूक हे चूक. बोलीतला शब्द आहे, तेव्हा मित्राच्या मेसेजमध्ये, लेखात, भाषणात छान बसते, पण अर्जात लिहू नका.

आणि खिडकीवरच्या बाबूला तोंडावर तर मुळीच म्हणू नका, तो कागद बहुतेक त्यानं लिहिलेला नसते, वरून आलेला राहते. तिथं आपलं मराठीतच विचारायचं, "साहेब, म्हंजे मी नेमकं काय आणू, आन् कोन्त्या तारखेपावतर?" आणि तो जे सांगेल ते त्याच कागदाच्या मागं पेनानं लिहून घ्यायचं.