चुकीसाठी नेमका इंग्रजी शब्द कसा निवडावा

नोंदीत चूक झाली आहे एवढेच बँकेला कळवायचे असते, पण पत्रात घाईने ‘फॉल्स’ लिहिले जाते आणि विनंतीचा सूर आरोपाकडे झुकतो. इंग्रजीत चुकीसाठी शब्द पुष्कळ आहेत. त्यांतला एक उचलण्यापूर्वी चूक माहितीत आहे, निवडीत आहे, समजुतीत आहे की कोणाच्या हेतूत, हे स्वतःशी ठरवून घ्यावे.

माहिती चुकली असेल, तर ‘इनकरेक्ट’ सर्वांत निर्धोक. जन्मतारीख, खाते क्रमांक, पासवर्ड यांच्याबाबत हाच शब्द शोभतो, कारण तो दोष नोंदीला देतो, माणसाला देत नाही. ‘इनॅक्युरेट’मध्ये मात्र अचूकतेचा अभाव असतो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. कोणी ती नेमकी १,६०० मीटर म्हणून छापली, तर तो आकडा इनॅक्युरेट, परंतु महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर साल्हेर आहे असे छापले, तर ते विधान सरळ इनकरेक्ट ठरते.

‘फॉल्स’ जपून वापरावा. त्याचा मूळ अर्थ ‘सत्य नसलेले’ इतकाच आहे. परीक्षेतील ‘ट्रू ऑर फॉल्स’ या प्रश्नात कोणावरही ठपका नसतो. खोट्या पुराव्याविषयीच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२७ मध्येही (जुन्या दंड संहितेत हे कलम १९१ होते) विधान फॉल्स असणे एवढ्यावर भागत नाही. ते खोटे आहे हे करणाऱ्याला ठाऊक असावे लागते, तसे त्याला वाटत असावे लागते, किंवा ते खरे असल्याचा त्याला विश्वास नसावा लागतो. तरीही समोरच्याच्या विधानाला फॉल्स म्हटले की वाचणाऱ्याला त्यात खोटेपणाचा वास येतोच. माणसालाच फॉल्स म्हटले, तर अर्थ ‘चुकलेला’ असा न होता ‘दगाबाज’ असा होतो. ‘अनट्रू’ त्या मानाने सौम्य आहे, पण तो विधानांपुरताच ठेवावा.

‘राँग’ सर्वत्र चालतो आणि नैतिक चूकही त्यातच येते. भलत्याच गाडीत बसलो, हे सांगताना इंग्रज माणूस इनकरेक्ट ट्रेन म्हणणार नाही. तो ‘द राँग ट्रेन’च म्हणेल. यातले ‘द’ आपल्याकडून हमखास गळते, किंवा त्याजागी ‘अ’ येते. वरिष्ठांना मात्र ‘यू आर राँग’ असे लिहू नये. ‘आय थिंक यू मे बी मिस्टेकन’ हे मऊ पडते, कारण ‘मिस्टेकन’मध्ये गैरसमज अभिप्रेत असतो. ‘एरोनिअस’ न्यायनिर्णयांत शोभतो, रोजच्या ईमेलमध्ये जड वाटतो. मुदत संपलेले तिकीट ‘इनव्हॅलिड’ असते. त्यावरचा मजकूर खरा असला तरी ते चालत नाही.

क्रियाविशेषणांतही हा भेद टिकतो. एखाद्यावर ‘राँगली’ आरोप झाला, तर आरोप करणाऱ्याची प्रामाणिक गफलत झालेली असू शकते. ‘फॉल्सली’ लिहिले, तर आरोपच खोटा होता असे ठामपणे म्हटले जाते आणि तो मुद्दाम रचल्याची शंकाही सूचित होते. तक्रारअर्जात दुसरा शब्द घालायचा असेल, तर हाताशी पुरावा असावा.